किट्टोबाईंनी ऐकलेला निरोप

बिनतारी निरोप चोरता येत नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असे. आमचं यंत्र एकाच सुराला लावलेलं, दुसऱ्याच्या हाती काही लागणारच नाही! कॉर्नवॉलच्या आमच्या किनाऱ्यावर हे बोलणं धाडसाचंच होतं, कारण समुद्राखालून येणाऱ्या तारेची कचेरी आमच्याच गावात. बिनतारी आलं की तिथल्या लोकांच्या पोटावर पाय.

त्या दुपारी चॅपलशेजारच्या सभागृहात जहाजमालक मिस्टर ट्रेवॉरो पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना पटलं तर सहा जहाजांवर आमची यंत्रं बसणार आणि माझी नोकरी पक्की होणार. टेकडीवरच्या यंत्रावरून आमच्या कंपनीचे साहेब बरोबर तीन वाजता निरोप पाठवणार होते.

तीनला दहा कमी असतानाच यंत्र टकटकू लागलं. कागदाच्या पट्टीवर ठिपके आणि रेघा उमटल्या. मी पट्टी वाचली.

‘म्हातारा ट्रेवॉरो भोळा आहे. काहीही सांगा, मान डोलावतो.’

हा माझाच निरोप होता, आदल्या दिवशी साहेबांना पाठवलेला! तारेच्या कचेरीतल्या कुणीतरी तो ऐकून ठेवला होता आणि आता जसाच्या तसा परत धाडला होता.

"काय म्हणतंय?" ट्रेवॉरोंनी विचारलं.

"म्हणतंय," मी घसा खाकरला, "की मिस्टर ट्रेवॉरो, आपल्यासारखा दूरदृष्टीचा माणूस..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग अख्खी रांग हसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या गावातली निम्मी माणसं तारेवर काम करणारी, उरलेली त्यांच्या घरची. नुसती टकटक ऐकून त्यांना सगळं कळतं, पट्टी लागते कुणाला!

ट्रेवॉरो मागे वळले. पोस्टातल्या किट्टोबाई चाळीस वर्षं तारा घेत आलेल्या. "बाई, तुम्ही सांगा."

बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि शब्दन्‌शब्द सांगितला. वर म्हणाल्या, "दूरदृष्टी वगैरे काही आलेलं नाही हो."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे हे कुणालाही ऐकू जातं?" ट्रेवॉरोंनी मला विचारलं.

"जातं," मी म्हणालो. आता लपवायला उरलंच काय होतं?

"जहाज बुडायला लागलं तर कुणालाही ऐकू गेलेलंच बरं. सहाही जहाजांवर बसवा."

माझ्या जिवात जीव आला. "मग मी सोमवारपासून..."

"यंत्र खरं बोलतं, म्हणून घेतोय. वाचणारी माणसं किट्टोबाई तयार करतील."

सध्या मी बाईंकडेच शिकतो. महिना झाला, अजून पहिल्याच धड्यावर आहे. जे आलं असेल तेवढंच वाचायचं.