थोरल्या दुकानाचं सुतक

आमच्या शेजारच्या दत्तूअण्णांच्या दुकानात तुम्ही बनियन घेतलंत आणि लगेच साबण मागितलात, तर ते तुम्हाला ओळखच दाखवत नाहीत. कारण साबणाचं खातं वेगळं. अण्णा फळी उचलून बाहेर येतात, पलीकडच्या काउंटरमागं उभे राहतात आणि नव्यानं हात जोडतात, "या पावणं, काय दावू?" दुकान केवढं, तर दोन म्हशी बांधल्या की तिसरीला जागा नाही. पण खाती पाच! नोकर कधीच सोडून गेले, अण्णांची बायको, आमच्या वहिनी, त्याही देवाघरी गेल्या; आता पाचही खात्यांवर अण्णा एकटेच.

ही पद्धत विलायतेची. अण्णांचे आजोबा कुणा साहेबाचे शिंपी म्हणून बोटीनं तिकडं गेले आणि एका गावातल्या मोठ्या दुकानात शिवणकामाला राहिले; परत आल्यावर त्यांनी हे दुकान त्याच धर्तीवर काढलं. तिथल्या साहेब मालकांपैकी एका भावानं आधी कापडाचं दुकान काढलं होतं, दुसऱ्यानं शेजारी टोप्यांचं, मग मधली भिंत पाडली. पुढं मुलांनी भांडीकुंडी आणली, नातवांनी जिना बांधून वर फर्निचर मांडलं. टूथपेस्ट घ्यायला आलेल्यालाही हा इतिहास ऐकावाच लागतो. फारच घाईत असलात, तर अण्णा भिंत पाडण्यापासून सुरू करतात. त्या दुकानाला ते 'आमचं थोरलं दुकान' म्हणतात. स्वतः पुण्यापलीकडं कधी गेलेले नाहीत.

पुण्याची लेक सुनंदा मात्र हट्टाला पेटलेली, "दुकान बंद करा आणि इकडं या." अण्णांचं उत्तर ठरलेलं, "थोरलं चालू हाय तवर धाकटं कसं बंद करायचं?"

आणि गेल्या महिन्यात थोरलंच बंद पडलं. सुनंदानंच मोबाइलवर वाचलं आणि वडलांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांचं शटर अर्धं खाली. मी वाकून आत गेलो.

"सुतक हाय," अण्णा म्हणाले.

"कुणाचं?"

"थोरल्या दुकानाचं."

गल्लीला हसू आवरेना. पण सुतक म्हटल्यावर रीत कशी सोडायची? समोरच्या आक्कांनी पिठलं-भाकरी आणली. तालमीतला शिवा गंभीर चेहऱ्यानं मांडी घालून बसला.

"वय किती हुतं?"

"शंभराच्या वर."

"मग सोनं झालं की, अण्णा!"

अण्णांनी त्याच्याकडं रागानं बघितलं.

सगळे उठून गेले. मी बसून राहिलो. दुकान आता कायमचं मिटणार, असंच मला वाटत होतं, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटत होतं.

"उद्या उघडतो," अण्णा आपणहून म्हणाले. "थोरला गेल्यावर धाकट्यानंच घर बघायचं असतंय. सुनंदीला तूच सांग, माझं ऐकत न्हाई ती."

मला हायसं वाटलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला.

"त्यो शेवटचा मालक एकटाच हुता म्हनं. पोरं लांब. त्यानंच कुलूप लावलं." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी त्याला कुनी जेवाय घातलं असंल काय रं?"

मला काय ठाऊक असणार?

"घातलं असणार की, अण्णा. त्यालाबी शेजारी असतीलच."

अण्णांनी मान हलवली आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

"घे, तूबी खा. एकट्याला जात न्हाई."