सात नंबरवालीचा नवस

लातूरच्या त्या गल्लीत सगळ्यात कडक कोण, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच यायचं: ऋतुजाची मम्मी. ही गल्ली क्लासवाल्या पोरांची. पोरं डॉक्टर व्हायला आलेली आणि त्यांच्या आया गाव सोडून एकेका खोलीत डबे करायला आलेल्या. इथं बाईला स्वतःचं नाव उरत नाही. नायगावची उज्वला ही ऋतुजाची मम्मी झाली, उदगीरच्या गौरम्मा श्रीशैलची आई झाल्या.

उज्वलानं आल्याच दिवशी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं होतं, "माझ्या खोलीत दोन वर्षं टीव्ही न्हाई, मालिका न्हाई, टाइमपास न्हाई. पोरगी डॉक्टर होऊनच नायगावला जाईल." कुकरची शिट्टी झाली तरी ती कुकरकडं असं बघायची की दुसरी शिट्टी व्हायची हिंमत नसायची. तिच्या धाकानं गल्लीतल्या चार बायांनी चालू मालिका अर्ध्यावर सोडल्या होत्या.

धाकाचं खरं मूळ होतं नायगावला. शेषेराव, म्हणजे ऋतुजाचे पप्पा, मुळात पोरीला लातूरला पाठवायलाच तयार नव्हते. तयार झाले ते एका अटीवर. "नायगावातबी कॉलेज हाय. लातूरला मोबाईलवर टाइमपास करताना कुणीबी दिसलं, तर त्याच दिवशी दोघींचं सामान गाडीत." आणि शेषेराव शब्दाचा पक्का माणूस. दर रविवारी एसटीनं यायचे, ज्वारीचं पीठ ठेवायचे, खोलीभर नजर फिरवायचे आणि परत जायचे.

तर अशा बाईचं वाटोळं केलं फिजिक्सनं. ऋतुजाच्या सरांनी व्हिडिओ पाठवला होता, फेकलेला चेंडू कसा जातो त्याचा. पोरगी क्लासला गेली आणि व्हिडिओ मोबाईलवर चालूच राहिला. तो संपला आणि आपोआप दुसरा लागला. त्यातही चेंडूच होता, पण फेकणारी बाई होती. हिरवंगार मैदान, मागं डोंगर. आफ्रिकेतल्या देशांच्या बायांची क्रिकेट स्पर्धा, किगाली नावाच्या गावात, थेट प्रक्षेपण. उज्वला मोबाईल बंद करायला उठली ती रवांडाच्या सात नंबरवालीनं चौकार मारल्यावर खाली बसली. लहानपणी माहेरी, अहमदपूरला शाळेमागं धुण्याच्या धोपाटण्यानं तिनंही असेच फटके मारले होते. न्हाण आलं, आणि आजीनं धोपाटणं फक्त धुण्यापुरतं हातात दिलं.

त्या दुपारची डाळ करपली.

दुसऱ्या दिवशी करपलेल्या वासावर गौरम्मा चौकशीला आल्या त्या मॅच संपेपर्यंत उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाच जणी झाल्या. दार आतून बंद, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि नियम एकच: तोंडात पदर. विकेट पडो, सिक्सर जावो, आवाज बाहेर जाता कामा नये. खेळाडूंची नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून नंबर. आठवड्याभरात सात नंबरवाली ही उज्वलाची पोरगी झाली. गौरम्मांनी युगांडाची अकरा नंबरवाली धरली. "अय्यो, आमच्या नणंदेवानी पळती बघा. तिलाच जिंकून आणणार मी."

आणि फायनलला नेमक्या ह्याच दोघी समोरासमोर आल्या. वार रविवार! शेषेराव यायचे ते सहाच्या गाडीनं. मॅच साडेचारला संपणार, ऋतुजाची टेस्ट पाचला सुटणार. उज्वलानं हिशेब तीनदा लावून बघितला. सगळं बसत होतं.

न बसणारी गोष्ट एकच झाली. शेषेरावांना नायगावच्या स्टँडवर ओळखीच्या माणसाची जीप मिळाली.

इकडं रवांडाला शेवटच्या चेंडूवर दोन रन पाहिजे होते. बॅट सात नंबरवालीच्या हातात, चेंडू अकरा नंबरवालीच्या हातात. युगांडाच्या पोरी गोळा होऊन बोलत उभ्या राहिल्या. क्षेत्ररक्षण हलवलं, पुन्हा हलवलं. खोलीत कुणाला श्वास घ्यायचं भान नव्हतं. उज्वलानं भिंतीवरच्या सिद्धेश्वराच्या फोटोला हात जोडले.

"देवा, माझ्या पोरीला पार पाड. पाच नारळ वाहीन."

गौरम्मांनी ते ऐकलं. "देवा, माझीला पाव. अकरा वाहीन."

"अनवाणी येईन."

"सोमवार धरीन, पाच."

"गल्लीला पुरणपोळी घालीन."

मोंढ्यात सोयाबीनच्या ढिगावर बोली चढावी तसे नवस चढायला लागले. देवाचीच पंचाईत. तेवढ्यात अकरा नंबरवाली धावत निघाली, आणि मोबाईल वाजला. मैदान गेलं, चेंडू गेला, पडद्यावर नुसतं "ऋतुजाचे पप्पा". लग्नाला वीस वर्षं झाली होती. उज्वलानं पहिल्यांदा नवऱ्याचा फोन कापला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "देवा, आता माझ्या पोरीची लाज राख. तिच्या पप्पालाबी अनवाणी आणते!"

सात नंबरवालीनं चेंडू मिडविकेटकडं ढकलला. एक रन झाला. दुसऱ्याला दोघी पळाल्या, चेंडू आला, सात नंबरवालीनं अंगाचं पार पायपुसणं करून झेप टाकली. बॅट आत. रवांडा जिंकला. पाच बाया एकमेकींच्या गळ्यात पडून तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

आणि दार वाजलं.

उज्वलानं मोबाईल पदराखाली घातला आणि कडी काढली. दारात शेषेराव, काखेत पिठाची पिशवी. डोळ्यांत पाणी. पायात चप्पल नाही.

"बाहेरून ऐकलं सगळं," ते म्हणाले. "पोरगी तिकडं टेस्ट द्यायली, अन् तुमी हितं दार लावून देवाला साकडं घालायल्यात. माझा फोनबी घेतला न्हाई. मी लई संशय घेतला तुझ्यावर, उज्वला. चला, आत्ताच फेडू नवस."

"अहो, ऊन हाय. डांबर तापलंय."

"नवस हाय. उन्हाला काय विचारायचं?"

मिरवणूक निघाली. पुढं शेषेराव, चटके बसतील तसे पाय उचलत. मागं पाच बाया. ओळखीचं कुणी भेटलं की ते थांबून सांगायचे, "पोरीसाठी." क्लासच्या दारात ऋतुजा भेटली. "पेपर कसा गेला?" "बरा गेला." "जाणारच," म्हणून त्यांनी तिलाही सोबत घेतलं. उज्वला मात्र मागं मागं राहत होती. नवऱ्याला फसवणं एक वेळ चालेल. पण नवस बोलायचा एकीसाठी आणि फेडायचा दुसरीच्या नावावर, हे देव खपवून घेईल का? उद्या सात नंबरवालीचा पाय मोडला म्हणजे?

सिद्धेश्वराच्या देवळात पुजाऱ्यानं शेषेरावांच्या तळहातावर पाणी घातलं. "कुणाच्या नावानं? नाव, गाव, गोत्र सांगा."

"ऋतुजा शेषेराव, गाव नायगाव..."

"थांबा, महाराज." उज्वलाचा आवाज तिलाच ओळखू येईना. "नाव चुकलंय."

मग तिनं सगळं सांगून टाकलं. फिजिक्स, किगाली, पिठाचा डबा, शेवटचा चेंडू. गौरम्मा खांबाआड सरकल्या. ऋतुजा आ वासून आईकडं बघत राहिली. शेषेरावांच्या बोटांतून पाणी गळून गेलं. सामान गाडीत जाणार, आता काही उरलं नाही, असं उज्वलाला वाटलं.

शेषेराव म्हणाले, "म्हंजे आपल्या पोरीसाठी नवस बोललीच न्हाईस तू?"

"तिच्यासाठी कशाला?" उज्वला चिडूनच म्हणाली. "ती अभ्यास करती की. तिला नवसाची गरज न्हाई. त्या पोरीला शेवटच्या बॉलला दोन रन पाहिजे होते."

ऋतुजा पटकन दुसरीकडं तोंड करून ओढणीनं डोळे पुसायला लागली. शेषेरावांनी तिच्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, भाजलेल्या पायांकडं बघितलं. मग तळहात पुन्हा पुढं केला.

"घाला पाणी, महाराज. नाव सात नंबर. गाव किगाली."

"गोत्र?"

"आमचंच लावा. नवस आमच्याच घरातून निघालाय."

बाहेर पायऱ्यांवर गौरम्मांनी उज्वलाला कोपरखळी मारली. "माझी हरली, माझे सोमवार सुटले. पण पुरणपोळी कधी म्हणायची?"

शेषेराव मात्र पुन्हा शेषेराव झाले होते. "दोघी राहा हितंच. पोरीचं नुकसान करणार न्हाई मी. पण मोबाईल माझ्यासंगं नायगावला येईल. पुढचा महिनाभर."

उज्वलानं मान खाली घातली आणि लगेच मोबाईल काढून दिला. इतकी गुणी बायको देवानं दिली म्हणून शेषेरावांना आतून भरून आलं. फायनल झाली, आता वर्षभर तिकडं काही नाही, हे त्यांना सांगायची गरज कुणालाच वाटली नाही.