शेपटीचं हँडल

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ज्याने साधं अंडं उकडलं नव्हतं, त्या क्लेम नॉस्कीने एका सोमवारी बायकोपुढे चिरलेल्या काकडीची बशी ठेवली. दुपारच्या जेवणाला. फक्त काकडी.

मर्लने आधी काकडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ताप आलाय का तुला?"

"छे. हलकं खावं माणसानं," क्लेम म्हणाला आणि मुकाट्याने स्वतःही काकडी चावू लागला.

मंगळवारी स्कोनचा, म्हणजे चहाबरोबरच्या गोड पावांचा, डबा कपाटाच्या माथ्यावर गेला. बुधवारी नवऱ्याला तिच्याबरोबर टपालपेटीपर्यंत चालत जावंसं वाटलं. टपालपेटी फाटकाशी, म्हणजे घरापासून दोन किलोमीटर. आजवर गाडीशिवाय तिथे फक्त कुत्रा गेला होता.

या सगळ्याचं मूळ मागच्या शेडमध्ये होतं. तिथे क्लेम अकरा वर्षं विमान बांधत होता. दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं. मागची जागा मर्लची. गादीचं कापड तिने स्वतः निवडून शिवलं होतं. ती ज्या खाऱ्या तळ्याकाठी वाढली, ते वरून गुलाबी दिसतं म्हणतात. तिने ते जन्मभर काठावरूनच पाहिलं होतं, आणि काठावरून ते नुसतं चिखलाचं दिसतं. पहिली प्रवासी तू आणि पहिली फेरी तळ्यावरून, असा क्लेमचा शब्द होता. त्याने आयुष्यात दिलेल्या तीनचार शब्दांपैकी एक.

या विमानाचं मागचं चाक बोटभर. शेडमधून काढायचं तर दोघांनी शेपटी उचलून वळवायची. मागच्या जुलैत उचलताना मर्ल कण्हली. क्लेमने ऐकलं. नॉस्की घराण्यातले पुरुष 'फार दुखतंय का' असं विचारत नाहीत, ते पाना शोधायला जातात. दुसऱ्या दिवशी त्याने शेपटीला हँडल करायला घेतलं, एकट्या माणसाला उचलता येईल असं.

पहिलं अॅल्युमिनियमचं केलं, ते वाकलं. मग पोलादी नळी आणली. पण नळी बाहेर राहिली तर वाऱ्याला अडणार, आणि अकरा वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या अंगावर अशी गाठ कशी ठेवायची? म्हणून हँडल आत सरकायला हवं. सरकायचं म्हणून स्प्रिंग आली. स्प्रिंगने अंगठ्याची साल काढली म्हणून खटका आला, खटक्याला चौकट आणि चौकटीला पत्रा. सात महिन्यांनी बटण दाबलं की गोगलगायीच्या शिंगांसारखी दोन्ही बाजूंनी हँडलं बाहेर यायची, पुन्हा दाबलं की गडप. बटण इतकं सफाईने बसवलेलं, की दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच सापडेना. मग त्यावर लाल ठिपका दिला.

मार्च लागला तसा शेजारचा कीथ लॉटर तीन वजनकाटे घेऊन आला. उडण्याआधी विमान तोलावं लागतं. कीथने आकडे मांडले आणि कान खाजवला. हँडल अडीच किलोचं, पण पार शेपटीच्या टोकाला. सी-सॉच्या टोकावर बसलेलं बारकं पोर मधल्या थोराड माणसाला उचलतं, तसा हा हिशेब. नाकात शिसं घालावं तर एकूण वजन मर्यादेबाहेर. मागच्या जागेवर आता त्रेसष्ट किलोचंच माणूस चालणार होतं.

"मर्ल किती असेल?" कीथने विचारलं.

"हळू बोल," क्लेम म्हणाला.

मर्ल चौऱ्याहत्तर होती. मिठी मारायला योग्य, उडायला अकरा किलो जास्त.

मर्लला यातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा हलकं खातो, चालायला जातो, विचारलं की नजर चुकवतो. याचा अर्थ एकच: डॉक्टरने हृदयाचं काहीतरी सांगितलंय आणि हा लपवतोय. ती तीन आठवडे हूं की चूं न करता काकडी खात राहिली. त्याच्यासमोर तरी. दर गुरुवारी गावातल्या बेकरीत जाऊन काळजीपोटी मटण भरलेलं एक पॅटीस खायची, आणि काळजी मोठी असली तर दोन.

महिनाअखेर क्लेमने न्हाणीतला काटा स्वयंपाकघरात आणला.

"जरा उभी राहा गं यावर. काटा बरोबर आहे का बघायचंय."

काटा साडेचौऱ्याहत्तरवर थांबला. क्लेम खुर्चीत बसला. त्याचा उतरलेला चेहरा मर्लने पाहिला.

"डॉक्टर काय म्हणाला ते सांग आता. किती दिवस राहिलेत तुझे?"

"कुठला डॉक्टर?"

मग सगळं बाहेर आलं. हँडल, सी-सॉ, अकरा किलो. साडेअकरा. मर्लने ऐकून घेतलं. आधी तो मरत नाहीये म्हणून तिला बरं वाटलं, मग तीन आठवड्यांची काकडी आठवली.

"एवढं शिकलेलं डोकं तुझं. मला सांग, मी कमी होणं सोपं, की चार स्क्रू काढणं?"

"पण तुझी कंबर. जुलैत शेपटी उचलताना कण्हली होतीस तू."

"त्या सकाळी मी छपरावरून भोपळा उतरवला होता, बाबा. सोळा किलोचा. तू उतरवणार होतास तो."

तिने त्याला शेडमध्ये नेलं. दाराआड गॅसची टाकी वाहायची जुनी दुचाकी ढकलगाडी टांगलेली होती, तिला उशी बांधलेली.

"दर शनिवारी मी इथे झाडते, तेव्हा शेपटी या उशीवर टेकवून ढकलते. विमान काय आपणहून बाजूला सरकतं?"

क्लेमने उशीला हात लावून पाहिला. गादीचंच कापड होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, हँडल करतोयस म्हणजे तुझेच गुडघे गेलेत आणि बोलायला लाज वाटतेय. इतकं मन लावून करत होतास, कशाला मोडू?"

 क्लेम पाना शोधायला गेला.

हँडल उतरलं, विमान पुन्हा तोललं गेलं, आणि चाचणीचे नियमाने ठरलेले तास क्लेमने एकट्याने उडून पुरे केल्यावर ऑगस्टमध्ये मर्ल मागच्या जागेवर बसली. तळं खरंच गुलाबी होतं. ती सगळा वेळ गप्प होती, आणि पुढे बसलेल्या क्लेमला पहिल्यांदाच मागे वळून 'फार दुखतंय का' असं विचारावंसं वाटलं. विचारलंही त्याने. ती नाही म्हणाली.

हँडल आता स्वयंपाकघरात आहे. सात महिन्यांचं काम टाकवेना, म्हणून क्लेमनेच ते स्कोनच्या कपाटाला बसवलं. खटका उत्तम चालतो; हँडल बाहेर आल्याशिवाय कपाट उघडत नाही. फक्त लाल ठिपका मर्लने रंग देऊन झाकून टाकलाय, आणि बटण कुठे आहे ते तिला एकटीलाच माहीत आहे.