शिंदीचा नवरदेव

मी एसटीत कंडक्टर. गाडीत कोंबड्या पाहिल्या, बोकडं पाहिली, पण झाडाच्या तुऱ्यासाठी सीट अडवणारा माणूस एकच, आमच्या गल्लीतले सटवाजीअण्णा.

दर माघात अण्णा गेवराईकडून नर शिंदीचा फुललेला तुरा फडक्यात गुंडाळून आणत. शेजारी कुणी टेकला की ओरडत, "सरक बे! नवरदेव हाय."

"मग त्याचं तिकीट काढा, अण्णा."

"अर्धं फाड. लहान हाय."

शिंदीत नर-मादी झाडं वेगळी. अण्णांच्या बांधावरचा नर रस्ता रुंद करताना गेला, मागं मादी उरली. तेव्हापासून फळ नाही. धाकटा भाऊ म्हणायचा, "वांझ झाड कावून पोसायचं? पाडू." दोन वर्षं अण्णांचा मुहूर्त हुकला. नर आधी फुलायचा, मादी मागून, तोवर तुरा वाळून जायचा. यंदा फळ धरलं नाही तर कुऱ्हाड, असं भावानं बजावलं होतं.

यंदा थंडी लांबली आणि मादी आणखीच रेंगाळली. अण्णांनी तुरा झटकून पिवळसर भुकटी हिंगाच्या डबीत भरली आणि फ्रिजमध्ये ठेवली. त्यांच्या बायकोनं, कौसाकाकूंनी, त्यातली चिमूटभर वरणाच्या फोडणीत टाकली. अण्णा दिवसभर जेवले नाहीत. "अर्धा नवरदेव खाल्ला हिनं!"

पंधरा दिवसांनी मादी फुलली. मी शिडी धरली. अडुसष्ट वर्षांचे अण्णा वर चढले आणि काकूंच्या पावडरच्या पफनं उरलेली भुकटी फुलांवर हलकेच टेकवत राहिले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आवरलं.

आषाढात केशरी घोस लोंबले. भाऊ मुलाबाळांसकट बघायला आला. "देवाची करणी," म्हणाला.

"देवाची न्हाई," अण्णा म्हणाले. "खोट झाडात नव्हतीच." मग काकूंकडं न बघता म्हणाले, "हिच्यातबी नव्हती. बीडच्या डाक्टरनं तवाच सांगितलं व्हतं, खोट माज्यात हाय. तुमी समदे हिला वांझ म्हणत गेलात, अन् मी गप ऱ्हायलो."

भावानं मान खाली घातली. चाळीस वर्षं ही बाई गल्लीतल्या एकाही बारशाला गेली नव्हती.

काकूंनी उतरवलेल्या घोसातलं एक पिकलं फळ तोडलं, पदराला पुसलं आणि अण्णांच्या हातावर ठेवलं.

"डाक्टरची चिठ्ठी तुमच्या सदऱ्यात व्हती," त्या म्हणाल्या. "धुवायच्या आदी मास्तरनीकडून वाचून घेतली व्हती मी. तुमी कवा सांगताव, तेवडीच वाट बगत व्हते."