थोरला वस्ताद कोण?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निपाणीपासून चिकोडीपर्यंत माझ्याइतकी कुस्ती कळणारा माणूस शोधून दाखवा, मी मिशी उतरवतो! पैलवान लांबून चालत येताना दिसला, की त्याचा कुठला गुडघा कच्चा आहे हे मी सांगतो. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला, जयाबाईला विचारा. नको, तिला नका विचारू. दुसऱ्या कुणालाही विचारा.

तर यंदाच्या जत्रेत पहिली कुस्ती मुलींची ठरली, आणि त्यात माझी नात तेजस्वी! समोर खानापूरकडची पोरगी. आमच्या गावची पद्धत अशी, की पहिल्या कुस्तीचे हात तालमीतला सगळ्यात जुना पैलवान जोडून देतो. दोघींची मनगटं धरायची, हातात हात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. काम एवढंच, पण त्यासाठी माणसं जन्मभर वाट बघतात.

तेजस्वीचा हात मीच धरणार, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यालाही कारण आहे. बासष्टाव्या वर्षी मला अक्षर शिकवलं ते ह्याच पोरीनं. तेव्हा ती सात वर्षांची होती. पाटीवर माझा हात धरून तिनं 'प' गिरवून घेतला होता. आता एकदा तिचा हात मला धरायचा होता, तोही सगळ्या गावासमोर.

म्हणून जत्रेच्या कमिटीला अर्ज मी स्वतःच्या अक्षरात लिहिला. 'परशराम. वय एकाहत्तर. तालमीचा अनुभव पंचावन्न वर्षं.'

दुपारी कमिटीचा आण्णाप्पा डोकं खाजवत दारात हजर!

"परसूआप्पा, घोटाळा झालाय. भरमूआप्पाचाबी अर्ज आलाय. सत्तावन्न वर्षं."

भरमू म्हणजे माझा लंगोटीयार. माझ्याहून एका वर्षानं मोठा, तंबाखूनं ठासलेल्या बोदासारखा गच्च भरलेला.

"सत्तावन्न? मग माझं साठ लिही!"

"साठ?" आतून जयाबाई ओरडली. "म्हंजे अकराव्या वर्षापास्नं? अवं, अकराव्या वर्षी तुमच्या आई तुमाला हिरीवर नागडं आंघोळ घालत हुत्या! मला त्यांनीच सांगितलंय!"

"लंगोट लावायच्या आधीची तयारीच होती ती!"

आण्णाप्पा भरमूकडं गेला. भरमूनं चौसष्ट केले. आण्णाप्पा माझ्याकडं आला. मी सहासष्ट केले. आण्णाप्पा पुन्हा गेला आणि घाम पुसत परत आला.

"भरमूआप्पा म्हणत्यात, माझी आई सात महिन्यांची गरवार असताना तालमीत दूध घालायला येत हुती, तवापास्नं धरा."

माझ्या आईचं असलं काही आठवतंय का ते मी बघत होतो, तोवर आण्णाप्पानं हात जोडले. "दोघंबी या मैदानात. तिथं काय ते बघू!"

इथंच घोळ झाला.

जत्रेच्या दिवशी मैदान खच्चून भरलं होतं. झाडावर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं, शाळेच्या छपरावर माणसं! बेळगावहून आशुतोष मास्तर निवेदनाला आले होते. हातात बिनवायरचा माईक, मराठी इतकं शुद्ध की पैलवानसुद्धा सावरून उभे राहायचे. कुस्तीचं निवेदन करायची त्यांची ही पहिलीच वेळ.

मी फेटा बांधून आखाड्यात उतरलो. दुसऱ्या बाजूनं भरमू उतरला, त्याचा फेटा माझ्याहून वीतभर उंच! मध्ये तेजस्वी आणि ती खानापूरची पोरगी एका पायावर उड्या मारत अंग तापवत होत्या.

"परस्या, माघारी जा," भरमू म्हणाला. "थोरल्याच्या आड येऊ नगंस."

"थोरला मी! वाक, आशीर्वाद देतो!" असं म्हणून मी मूठभर माती उचलली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. थोरला धाकट्याला देतो तसा आशीर्वादच होता तो.

"मला आशीर्वाद देतोस व्हय रं? हा घे माझा!" त्यानंही मूठ भरली आणि माझ्या छातीवर थापली.

आणि हलगी कडाडली!

माझ्या उशिरा ध्यानात आलं. पंचावन्न वर्षांचा अनुभव, आणि एवढं विसरलो! आखाड्यात उभं राहून एकानं माती टाकली आणि दुसऱ्यानं ती परत केली, की कुस्ती ठरली. मग बापालाही माघार घेता येत नाही.

"मंडळी!" मास्तर गरजले. "एकशे त्रेचाळीस वर्षांची कुस्ती!"

शिट्ट्या वाजल्या, टोप्या उडाल्या. बायकांच्या बाजूनं जयाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर निघाला. "पडलासा तर उचलायला मी येणार न्हाय, सांगून ठेवते!"

तेजस्वीनं कपाळावर हात मारला.

आता मागं कसं फिरायचं? आम्ही एकमेकांच्या मानेवर हात टाकले, डोक्याला डोकं भिडवलं आणि तिथंच रुतलो. दोन म्हातारे बैल एका खुंट्याला अडकावेत तसे! हलगी सुसाट वाजत होती आणि आम्ही इंचभर हलत नव्हतो. लोकांना वाटलं, काय ताकद लागलीय! चिकोडीकडचा कुणीतरी कानडीत ओरडला, "साकु, बिडरी अज्जा!" म्हणजे पुरे झालं, सोडा आता.

"भरमू, सोड की," मी कुजबुजलो.

"आधी तू सोड."

"मी सोडलं तर मी पडतो."

"मी सोडलं तर मीबी पडतो. कंबर धरलीया."

दोघंही धापा टाकत उभे. थोड्या वेळानं भरमू म्हणाला, "परस्या, खरं सांग. किती वर्षं मातीत हुतास?"

"पंचावन्न."

"माझ्या कानात बोलायलास रं, कमिटीला न्हाय."

"तीन. मग वखारीत कामाला लागलो. तू?"

"अडीच. मग ट्रकवर गेलो. त्यातलं शेवटचं वरीस तर नुसता झोपायला येत हुतो. घरात पाय पसरायला जागा कुठं हुती?"

"मी पहिल्या वर्षी दुधासाठीच आलतो."

"ते म्हाईत हाय. माझ्या वाटणीचं पीत हुतास!"

आम्ही दोघंही खुदकन हसलो. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की हलगी थांबलीय. मी मान वाकडी करून बघितलं. आमच्या दोन डोक्यांच्या खाली, मातीत उकिडवे बसून, आशुतोष मास्तर माईक वर धरून होते!

"क्षमस्व," ते म्हणाले. "मला वाटलं, डावपेचांवर चर्चा चालली आहे. नवीन पिढीला उपयोग होईल."

हशा असा उसळला, की छपरावरची पोरं खाली यायची राहिली.

आण्णाप्पा मात्र गंभीर होता. तो बोटांवर मोजत पुढं आला. "तीन आणि अडीच. म्हंजे सा महिन्यानं परसूआप्पा थोरले! हात तेच जोडून देतील!"

जिंकलो! फक्त मला सरळ होता येईना. काटकोनात वाकूनच मी पुढं गेलो. पाठीमागून भरमूनं माझी कंबर धरली, त्याची कंबर आण्णाप्पानं धरली. अशी आमची आगगाडी पोरींजवळ पोचली. मी तेजस्वीचं मनगट धरलं. तळव्याला घट्टे पडले होते तिच्या, वखारीतल्या हमालासारखे. हातात हात दिला आणि आगगाडी मागं घेतली.

चौथ्या मिनिटाला ढाक डाव टाकून तिनं समोरचीला चितपट केलं! मी आणि भरमू एकमेकांच्या गळ्यात पडून ओरडलो. ह्या वेळी कुणी आमची कुस्ती लावली नाही.

अंगाची माती झाडत तेजस्वी आमच्याजवळ आली. मी पाया पडून घ्यायला पाय पुढं केला.

"आज्जा, मला मातीत किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि तुमची दोघांची मिळून?"

बेरीज मला तिनंच शिकवलेली. "साडेपाच," मी म्हणालो, आणि पाय हळूच मागं घेतला.

"मग तालमीत धाकट्यांनी काय करायचं असतं?"

भरमू म्हणजे भाबडा माणूस. "रोज सकाळी माती उकरायची," असं म्हणाला, आणि मग त्यानं जीभ चावली.

तर सध्या रोज सकाळी सहा वाजता आम्ही तालमीत असतो. माती भरमू उकरतो आणि मी कडेला बसून कुठं उकरायची ते दाखवतो. सहा महिन्यांनी का होईना, थोरला मी आहे! तेजस्वीच्या सायकलची घंटी वाजली, की मात्र दुसरं खोरं मी उचलतो.