तोंडं फिरवा!

नागोराव मिस्त्री वेल्डिंगला बसले की अख्ख्या गल्लीला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. "इकडे बघू नका" असं सगळेच वेल्डर म्हणतात आणि कामाला लागतात. नागोराव तसे नाहीत. ते हातातला रॉड खाली ठेवतात, उठून उभे राहतात आणि ओरडतात, "तोंडं फिरवा!" शेवटचं तोंड फिरेपर्यंत ठिणगी पडत नाही.

मुदखेडात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा त्यांचं काम चालू असताना समोरून वरात आली. नागोरावांनी आधी बँडवाल्यांना फिरवलं, मग घोडीला. नवरदेव मुंडावळ्यांतून चोरून बघतोय असं दिसल्यावर म्हणाले, "जावईबापू, नवरी बघायला डोळे ठेवा थोडे. इकडं कामून बघून राहिले?" शेजारी एक शेळी बांधलेली होती. तिला किती वेळा वळवलं तरी ती पुन्हा यांच्याकडेच बघायची. शेवटी तिच्या डोक्यावर पोतं टाकलं. शेळीनं आतून पोतं खायला सुरुवात केली, पण तिला उजेड दिसला नाही, एवढ्यावर नागोराव खूश होते.

दुसरी खोड याहून वाईट. ते हाताखाली माणूस ठेवत नाहीत. गेटचं काम म्हणजे एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं जोडायचं. नागोराव कुणाला धरू देत नाहीत. विटा, दगड, सुतळी, सायकलच्या जुन्या ट्यूबा असा सगळा संसार ते पोत्यात भरून आणतात आणि दोन पाईप एकमेकांना टेकवून उभे करण्यात तासभर घालवतात. टाका मारायला मिनिटही लागत नाही. मध्येच वीट सरकते, पाईप आडवा होतो. "बघून घेतो तुला," ते पाईपला म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

हे सगळं ऐकून असूनही मी त्यांनाच बोलावलं. मी इथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. केळीचा ट्रक मागे घेताना आमच्या गेटवर आदळला आणि गेट, शेजारच्या कुंपणाच्या सहा गजांसकट, आत येऊन पडलं. गावातले बाकीचे दोन वेल्डर म्हणाले, नवीन करा, पंधरा दिवस लागतील. माझ्याकडे पाच दिवस होते. सुट्टी संपून सोमवारी मुली येणार होत्या.

त्यातच हिमायतनगरहून सुनीताच्या वडिलांचा फोन आला.

"म्याडम, गेट मोडलं म्हणतेत. खरं हाय का?"

"दुरुस्त होतंय."

"तसं न्हाई. मी रविवारीच येतो पोरीला घेऊन. गेट असलं तर ठेवतो, नसलं तर वापस नेतो. तिचा चुलता तसा बी स्थळ घेऊन बसला हाय."

सुनीता बारावीला. गणितात तिचा हात धरणारी मुलगी आमच्याकडे दुसरी नाही. आणि एकदा वापस गेलेली मुलगी पुन्हा येत नाही, हे मी या नोकरीत पुष्कळदा पाहिलंय.

नागोराव आले. पडलेल्या गेटभोवती त्यांनी एक फेरी मारली, हातोडीनं चार ठिकाणी ठोकून कान लावला आणि निकाल दिला, "मेलं न्हाई. मुका मार हाय. रविवारी उभं करतो."

"नक्की ना?"

"म्याडम, धरलेलं सोडत नसतो मी."

कुंपणाचे गज दोन दिवसांत सरळ होऊन जागेवर बसले. गेटनं मात्र छळलं. आमचे चौकीदार किशनराव रिकामेच असतात, ते सारखे धरायला पुढे व्हायचे. नागोराव त्यांना कुत्र्यासारखं हाकलायचे. शनिवारी दुपारी तिसऱ्यांदा वीट सरकली तेव्हा माझा संयम संपला. मी पदर खोचला आणि पाईप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी धरते. तुम्ही मारा टाका."

नागोरावांनी उठून मशीनच बंद केलं. "हात काढा, म्याडम."

"उद्या रविवार आहे, मिस्त्री."

"ठावं हाय मला. हात काढा."

"मी धरलं तर तुमचं काय बिघडतं?"

ते विटेवर बसले. थोडा वेळ हातोडीचा दांडा पुसत राहिले.

"नवं नवं काम होतं तवा आमच्या बायकूनंच धरलं. धा वर्षं. काच एकच होती, ती माझ्या डोळ्यावर. धरणाऱ्यानं डोळे मिटावं म्हणतेत, पन मिटून सरळ धरता येतंय का? ती बघायची. रातच्याला डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठिवून निजायची अन् हसायची. म्हनायची, सकाळी ह्याचीच भाजी करते तुम्हाला."

"आता?"

"आता दिसत न्हाई तिला. डॉक्टर म्हन्ला, कारण दुसरंच हाय, तुमच्या वेल्डिंगचं न्हाई." ते उठले. "डॉक्टर काय तिथं होता का?"

मी हात काढले. "मग विटा जास्त लागतील," मी म्हणाले आणि किशनरावांना मागच्या पडक्या ओट्याच्या सगळ्या विटा आणायला लावल्या. आम्ही पाईपाच्या दोन्ही बाजूंनी कमरेएवढ्या भिंतीच रचल्या. त्यानंतर पाईप हलला नाही.

रविवारी दुपारी गेट बिजागऱ्यांवर उभं राहिलं. नागोराव मोटारसायकलवर बसून निघून गेले. तेवढ्यात ऑटो आला. सुनीता, तिचे वडील आणि तिची पत्र्याची पेटी. वडिलांनी पेटी गेटच्या बाहेरच ठेवली, गेट दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

"दिसतंय तर बरं," ते म्हणाले. पेटी मात्र उचलली नाही.

नागोराव परत आले ते पाठीमागे बायकोला बसवून. हिरवं लुगडं, किडकिडीत अंग, एक हात यांच्या खांद्यावर. किशनराव माझ्या कानाशी लागले, "काम झालं की ह्या तपासतेत. त्यांनी पास केल्याबिगर मिस्त्री गेट ताब्यात देत न्हाई."

बाईंनी गेटला हात लावला. वरपासून एकेका जोडावरून त्यांची बोटं सावकाश फिरू लागली. खालच्या बिजागरीपाशी बोटं थांबली, मागे आली, पुन्हा थांबली.

"हितं कच्चं हाय."

सुनीताच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. सुनीतानं पेटीकडे. मला त्या क्षणी बाईंचा चांगलाच राग आला होता, हे कबूल करते.

अख्ख्या गावाशी वाद घालणारा हा माणूस वाकला, हातोडीनं ठोकून जोडावरची खपली पाडली. खाली टाचणीएवढं भोक होतं.

"हाव की," ते म्हणाले आणि मशीन जोडायला गेले. "तोंडं फिरवा!"

वडील फिरले, सुनीता फिरली, ऑटोवाला, किशनराव. मी सगळ्यांत शेवटी, म्हणून मला दिसलं. नागोराव काच हातात घेऊन आधी बायकोपाशी गेले. खांद्यांना धरून त्यांना भिंतीकडे वळवलं आणि त्यांचाच पदर त्यांच्या डोळ्यांवरून खाली ओढला. बाई सवयीनं स्वस्थ उभ्या राहिल्या.

मी भिंतीकडे तोंड केलं. चर्रर्र आवाज झाला आणि भिंतीवर आमच्या सावल्या लखलखल्या.

मग हातोडीचे दोन ठोके. एरवी नागोराव सगळ्यांना ऐकू जाईल असं "झालं!" म्हणतात. त्या दिवशी तशी हाक आली नाही. वळून बघितलं, तर ते बायकोच्या डोळ्यांवरचा पदर काढत होते.

"झालं. बघ आता."

बाईंनी हात पुढे केला.

"थांब, थांब! पोळंल." त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि उकिडवे बसून गेटला वारा घालू लागले. ऑटोवाल्याला जायची घाई होती, तरी तोही थांबला. आम्ही सगळे गेट गार व्हायची वाट बघत उभे राहिलो.

शेवटी बाईंची बोटं त्या जागेवरून एकदा गेली, उलटी एकदा आली.

"हाव. आता पक्कं हाय."

सुनीताच्या वडिलांनी पेटी उचलली आणि गेटच्या आत नेऊन ठेवली.