सर, धरा!

आमच्या अमरावतीच्या कॉलेजात कुठलाही सत्कार असो, शाल-श्रीफळाचं तबक धरायला नटूनथटून मुलीच उभ्या. ते दिसलं, की इंगोले मॅडम तरातरा स्टेजवर चढणार, पोरीच्या हातातलं तबक काढून जवळच्या प्राध्यापकाच्या हातात कोंबणार आणि म्हणणार, "सर, धरा!" जवळचा प्राध्यापक बहुतेक मीच असतो.

मॅडम मुलींचं नेतृत्व शिबिर घेतात. त्यात पुरुष सहकारी म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा मी घरी छाती काढून फिरलो. बायको म्हणाली, "जेवल्यावर सोताचं ताट उचलाचं कोणत्या दिवशी शिकवतेत तिथं?"

यंदाच्या अकोल्याच्या शिबिराचं अध्यक्षपद मॅडमना धामणगावच्या वैष्णवीला द्यायचं होतं. ही पोरगी बोलायला लागली की वर्ग चिडीचूप. पण ती म्हणाली, "बाबा मुक्कामी नाही पाठवत."

"आपण घरीच जाऊ. फोन मी करतो," ती गेल्यावर मी मॅडमना ऐटीत म्हणालो. केलाही. "रविवारी येतो, तुमच्या मुलीविषयी बोलायचं आहे." आपण कोण, हे सांगायचं तेवढं राहिलं.

गेलो तर दारात रांगोळी, बैठकीत नवी चादर, वर मामा आणि आत्या हजर. आत्यानं विचारलं, "मुलगा नाही आला?"

मला वाटलं, आमच्या बंटीची चौकशी. "त्याची परीक्षा आहे."

"अजून शिकूनच राहिला? कितवीत हाय?"

"सातवीत."

आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात साडी नेसलेली वैष्णवी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि जागीच थबकली. "सर? तुमी?"

मॅडमनी एका नजरेत सगळं ओळखलं. ट्रे घेतला, माझ्या हातात दिला. "सर, धरा! वाटा आता." मी मुकाट्यानं मामांना पोहे वाटले.

आम्ही स्थळ घेऊन नाही, शिबिराचं विचारायला आलोय, हा खुलासा झाला तशी वैष्णवीच्या वडिलांची मान नकारार्थी हलली. "पोरीच्या जातीनं बाहेरगावी मुक्काम? नाही जमत."

मी खाकरून स्त्री-पुरुष समानता सुरू केली.

"सर, तुमी पोहे खा," मॅडम म्हणाल्या आणि वडिलांकडे वळल्या. एरवी खणखणीत असणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"भाऊ, कॉलेजात असताना मलेही असंच निवडलं होतं, नागपूरले जासाठी. बाबा नाहीच म्हणतीन, असं मीच ठरवून टाकलं. घरी सांगतलंच नाही. लय वर्षांनी बाबांच्या आजारपणात बोलता बोलता निघालं. त म्हणाले, 'मले इचारलं कावून नाही वं? मी सोता सोडून आलो असतो.' त्याईले इचाराले कोणी गेलंच नव्हतं, भाऊ. म्हणून आता लोकाईच्या दारी जाऊन इचारून राहिली मी."

वडिलांनी वैष्णवीकडे पाहिलं. "तुले जायचं हाय?"

"हो, बाबा."

"मग अगुदर सांगाचं नाही का? मी सोता सोडून देतो अकोल्याले."

वैष्णवी रडायच्या आधी मॅडमच रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारख्या. मी उठलो आणि पोह्यांची आपली बशी स्वतःच उचलून आत ठेवून आलो.